पंडिता रमाबाई आणि खचलेल्या मनाची माणसे

पुणे जिल्ह्याच्या पूर्वभागी भीमा नदी शिरूर व दौंड ह्या दोन तालुक्यांच्या मधून वाहते. नदीच्या उत्तरेस, पुण्याहून अहमदनगराकडे, म्हणजे आता ज्यास अहिल्यानगर म्हणतात त्या शहराकडे, जाणाऱ्या रस्त्यावर महागणपतीच्या देवळामुळे सर्वत्र विख्यात झालेले रांजणगाव आहे. नदीच्या दक्षिणेस, पुणे-सोलापूर लोहमार्गाच्या कडेस, केडगाव आहे. केडगाव म्हटले की पंडिता रमाबाईंचे नाव ओठांवर येते. बाईंचे संस्कृत पांडित्य, विधवांसाठी त्यांनी केलेले श्रम व मूळ भाषांवरून त्यांनी केलेले पवित्र शास्त्राचे मराठी भाषांतर ह्यांविषयी आमच्या मंडळ्यांत पुष्कळदा बोलले जाते. आज आम्ही त्यांच्या चरित्राची एक निराळी बाजू वाचकांपुढे ठेवू इच्छितो. दुःखाने, भयाने किंवा उपासमारीने ज्यांचे मन खचले, अशा मोठ्या वयाच्या माणसांचा भार बाईंनी कसा वाहिला, ही ती बाजू होय.

आरंभीच एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. केडगावचे मुक्तिसदन हे मनोरुग्णांचे इस्पितळ नव्हते, आणि रमाबाई वैद्य नव्हत्या. तथापि ज्यास आपला भार आपल्याला वाहवत नाही अशा माणसाचा हात कसा धरावा, आणि धरलेला हात वर्षानुवर्षे कसा सोडू नये, हे त्यांच्या चरित्रात जसे दिसते तसे थोड्याच ठिकाणी दिसते. मानसिक रोग्यांच्या सेवेत आज हेच काम एक स्वतंत्र धंदा होऊन बसले आहे. आमच्या खेड्यांतून असा रोगी नाही असे गाव विरळा. म्हणून हा विषय दूरचा नव्हे.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी सह्याद्रीतील गंगामूळ नावाच्या अरण्यात झाला. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे हे मोठे विद्वान ब्राह्मण. स्त्रीस संस्कृत शिकवू नये ही त्या काळची समजूत त्यांनी मानली नाही, व आपली पत्नी लक्ष्मीबाई हिला स्वतः शिकविले. लक्ष्मीबाईंनी पुढे तीच विद्या आपल्या धाकट्या कन्येस दिली. हे कुटुंब तीर्थोतीर्थी पुराणे सांगत फिरे आणि श्रोते जे देतील त्यावर निर्वाह करी.

इ. स. १८७४च्या सुमारास दक्षिणेत दुष्काळाची झळ लागू लागली आणि ह्या कुटुंबावर भयंकर प्रसंग आला. दागिने गेले, भांडी गेली, अखेरीस धान्याचा शेवटचा दाणाही संपला. वृद्ध अनंतशास्त्रींनी निराश होऊन पवित्र तीर्थात जलसमाधी घेण्याचे ठरविले. तेव्हा थोरला मुलगा श्रीनिवास पुढे झाला. ब्राह्मणाने मजुरी करू नये ही रूढी बाजूस ठेवून, मिळेल ते काम करून आपण सर्वांस पोसू, असे त्याने वडिलांस सांगितले. त्याच्या बोलण्याने वडिलांचा निश्चय ढळला. वाचकांनी हा प्रसंग ध्यानात ठेवावा. जो मनुष्य मरणाच्या काठावर उभा होता, त्यास कोणाच्या युक्तिवादाने मागे आणले नाही. त्याच्या ओझ्याचे एक टोक दुसऱ्याने उचलले, म्हणून तो मागे फिरला. पुढे थोड्याच काळात वडील उपासमारीने खंगून वारले. त्यांच्यामागून काही आठवड्यांनी आई गेली, आणि नंतर थोरली बहीणही गेली. मागे उरली ती दोन भावंडे.

श्रीनिवास व रमा हिंदुस्थानभर हजारो मैल पायी फिरली आणि १८७८ साली कलकत्त्यास पोहोचली. तेथील पंडितांनी ह्या वीस वर्षांच्या मुलीची परीक्षा घेऊन तिला पंडिता व सरस्वती ह्या पदव्या दिल्या. परंतु दोन वर्षांतच, १८८० साली, भाऊही वारला. त्याच वर्षी बाईंनी बिपिनबिहारी मेधावी ह्या बंगाली वकिलाशी जातीचे बंधन न मानता नोंदणीविवाह केला. १८८१च्या एप्रिलात कन्या मनोरमा जन्मली. आणि ४ फेब्रुवारी १८८२ रोजी पटकीच्या आजाराने पती निवर्तले. चोविसावे वर्ष पुरे होण्याआधीच आई, बाप, बहीण, भाऊ व पती ह्या सर्वांस बाई मुकल्या होत्या.

त्याच वर्षी त्या पुण्यास आल्या व त्यांनी आर्य महिला समाज स्थापिला. शिक्षणाच्या चौकशीसाठी सरकारने नेमलेल्या हंटर कमिशनापुढे त्यांनी १८८२ साली साक्ष दिली. तीत त्यांनी स्त्रीवैद्यांची गरज आग्रहाने मांडली. आपले दुखणे परपुरुषास सांगण्यापेक्षा पुष्कळ स्त्रिया मरण पत्करतात, हे त्यांनी पाहिले होते. न सांगता येणारे दुखणे हेच अधिक मारक असते. देहाच्या दुखण्यास हे जसे लागू आहे, तसे मनाच्या दुखण्यास अधिकच लागू आहे.

स्वतः वैद्यक शिकावे ह्या हेतूने बाई १८८३ साली इंग्लंडास गेल्या. बरोबर लहानगी मनोरमा होती, आणि आनंदीबाई भगत नावाची एक मराठी मैत्रीण होती. वाँटेज येथील सेंट मेरीच्या भगिनीमंडळाने त्यांस आश्रय दिला. देश परका, भाषा परकी, अन्न परके, हवा थंड. अशा स्थितीत आनंदीबाईंच्या मनाने एका भयाने ठाव घेतला: आपणांस बळजबरीने ख्रिस्ती करण्यात येईल, हे ते भय. प्रोफेसर माक्स मुल्लर ह्यांनी आपल्या आठवणींत लिहून ठेवले आहे की, रमाबाईंस तरी ह्या संकटातून वाचवावे ह्या भ्रमाने एके रात्री ह्या मैत्रिणीने त्यांचा गळा दाबण्याचा प्रयत्न केला, आणि तो साधला नाही तेव्हा तिने स्वतःचाच अंत करून घेतला.

हा वृत्तांत आम्ही मुद्दाम सांगत आहो, कारण आमच्या पत्रांतून तो बहुधा गाळला जातो. आनंदीबाई दुष्ट नव्हत्या. आपल्या सखीवर त्यांचे प्रेम होते. पण मन भयाने असे घेरले की प्रेमाचेच रूप विपरीत झाले. भगिनीमंडळातील स्त्रिया दयाळू होत्या, तरी भोवतालच्या दयाळू माणसांपैकी कोणाच्याही हाती ते भय वेळीच लागले नाही. मन बिघडलेल्या मनुष्यास पापी म्हणून दूर लोटणे किंवा भुताने झपाटलेला म्हणून त्यास भिणे, ह्या दोन्ही गोष्टी त्यावर अन्याय करणाऱ्या आहेत. भय कोणाच्या मनात कोठे रुतले आहे हे समजण्यास त्याच्या भाषेत त्याच्याशी बोलणारा, त्याजजवळ बसणारा व घाई न करणारा कोणी तरी असावा लागतो.

ह्या आघाताने रमाबाईंची काय अवस्था झाली, हेही माक्स मुल्लर ह्यांनी नमूद केले आहे. त्या ऑक्सफर्डास त्यांच्या घरी राहावयास गेल्या, तेव्हा त्यांचे मन इतके हादरलेले होते की रात्री त्यांस एकटे निजता येत नसे. म्हणून घरातील एका दासीस रोज त्यांच्याच खोलीत निजावयास सांगावे लागले. कलकत्त्याच्या पंडितांस विस्मित करणारी ही विदुषी काळोखास भीत होती, आणि तिचा उपाय कोणत्याही ग्रंथात नव्हता. तो एका कामकरी मुलीच्या अंथरुणात होता, जे तिच्या अंथरुणाशेजारी घातले जाई. त्या मुलीचे नाव इतिहासाने राखले नाही. परंतु खचलेल्या मनाची सेवा म्हणजे काय, ह्याचा अर्क आम्हांस तेथे दिसतो.

२९ सप्टेंबर १८८३ रोजी वाँटेज येथे रमाबाईंनी आपल्या इच्छेने बाप्तिस्मा घेतला. त्यांच्या कानांचे दुखणे मात्र वाढत गेले. बहिरेपणामुळे वैद्यक शिकण्याचा बेत सोडावा लागला. ज्या कामासाठी समुद्र ओलांडला तेच हातून गेले. तथापि त्या चेल्टनम येथील स्त्रियांच्या कॉलेजात शिकल्या व तेथे संस्कृत शिकवू लागल्या. पुढे १८८६च्या मार्चात, डॉ. आनंदीबाई जोशी ह्यांच्या पदवीदानसमारंभास हजर राहण्यासाठी, त्या अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहरी गेल्या, आणि त्या देशात अडीच वर्षांहून अधिक काळ राहिल्या.

तेथील शाळा, धर्मादाय संस्था व स्त्रियांनी चालविलेली कामे त्यांनी बारकाईने पाहिली, आणि १८८९ साली प्रसिद्ध केलेल्या मराठी प्रवासवृत्तात त्यांचे वर्णन केले. त्या अमेरिकेत असतानाच, १८८७च्या जुलैत, डोरोथिया डिक्स ही वृद्ध स्त्री त्या देशात मरण पावली. ही बाई मूळची शिक्षिका. १८४१ साली मॅसॅच्युसेट्स प्रांतातील एका तुरुंगात स्त्रीकैद्यांस रविवारचा पाठ शिकवावयास ती गेली असता, ज्यांचा काही अपराध नाही अशा मनोरुग्ण स्त्रिया कडाक्याच्या थंडीत विस्तवावाचून कोंडलेल्या तिने पाहिल्या. तेव्हापासून ती गावोगाव फिरली; तळघरांत, गोठ्यांत, पिंजऱ्यांत बांधलेली माणसे तिने एकेक करून मोजली व नोंदली, आणि १८४३ साली ती यादी कायदेमंडळापुढे ठेवली. तिच्या श्रमाने त्या देशात अनेक मनोरुग्णालये उभी राहिली, आणि त्यांपैकीच एकात, ट्रेंटन येथे, तिने देह ठेवला. रमाबाईंची व तिची वाट निराळी; पण दोघींच्या कामाचा पाया एकच होता. दुःखितांच्या जमावाकडे न पाहता, ह्या एका मनुष्यास काय हवे, असे विचारणे हा तो पाया.

हिंदुस्थानात परतल्यावर बाईंनी ११ मार्च १८८९ रोजी मुंबईस शारदासदन उघडले, व पुढच्या वर्षी ते पुण्यास नेले. तेथे आलेल्या पहिल्या विधवांत गोदूबाई ही कोकणातील बालविधवा होती. लहानपणी वैधव्य आलेले, सासरी वर्षानुवर्षे कष्ट. वय विशी ओलांडून गेलेले. अशा वयात अक्षरओळखीपासून शिकणे किती कठीण, हे आमच्या प्रौढ शाळांतील बायाबापड्यांस ठाऊक आहे. बाईंनी तिला घाईने हाकले नाही. चार वर्षांनी, १८९३ साली, ह्याच गोदूबाईंचा धोंडो केशव कर्वे ह्यांजशी पुनर्विवाह झाला, आणि आनंदीबाई ऊर्फ बाया कर्वे ह्या नावाने त्यांनी पुढे पतीच्या संस्थेसाठी गावोगाव हिंडून वर्गणी गोळा केली. जिला जगाने संपली असे म्हटले, ती दुसऱ्यांचा आधार झाली.

ह्यानंतर दुष्काळ व प्लेग ही दोन संकटे बरोबरच आली. १८९७च्या आरंभी मध्यप्रांतात लोक अन्नावाचून मरत असल्याचे ऐकून बाई स्वतः तिकडे गेल्या. आईबापांचे मरण त्या विसरल्या नव्हत्या. तेथून त्यांनी व त्यांच्या सहकारिणींनी सुमारे ३०० मुली व स्त्रिया आणल्या. इकडे पुण्यात प्लेग सुरू झाला होता, आणि सरकारी अंमलदार गर्दी करू देईनात. तेव्हा केडगाव येथे आधीच घेतलेल्या शेतजमिनीवर तात्पुरता निवारा करून ह्या सर्वांस तेथे हलविण्यात आले.

त्याच साली घडलेली एक गोष्ट विशेष लक्षात घेण्यासारखी आहे. सदनातील एक मुलगी प्लेगच्या सरकारी व्यवस्थेत नेण्यात आली, आणि पुढे तिचा नीट ठावठिकाणा लागेना. शेकडो मुलींतून एक; शहरात रोज कितीतरी मरत होते. दुसऱ्या कोणी ही गोष्ट सोडून दिली असती. बाईंनी सोडली नाही. त्यांनी १८९७च्या मे महिन्यात मुंबईच्या एका ख्रिस्ती वर्तमानपत्रातून ती उघडपणे मांडली व त्या व्यवस्थेतील स्त्रियांच्या हालांविषयी अधिकाऱ्यांस जाब विचारला. ह्या पत्राने मोठी खळबळ उडाली, व त्याची चर्चा विलायतेच्या पार्लमेंटापर्यंत पोहोचली. सरकारचा रोष पत्करूनही, आपल्या हवाली केलेल्या एका जिवाचा हिशेब बाई मागत राहिल्या.

१८९८ साली मुक्तिसदन रीतसर अस्तित्वात आले. १९००च्या सुमारास गुजराथेतही दुष्काळ पडला, आणि तेथून शेकडो स्त्रिया व मुले आली. तेव्हा सदनातील माणसांची संख्या २०००च्या घरात गेली. दीर्घ उपासमारीने मनुष्याचे केवळ शरीरच झिजत नाही. त्याचा विश्वास उडतो. पुढ्यात भाकरी असली तरी तो दुसरी लपवून ठेवतो. तो विनाकारण रडतो, अकस्मात चिडतो, किंवा दिवसेंदिवस मुका बसतो. अशांस केवळ अन्न घालून काम संपत नाही. खरे पाहता तेथून ते सुरू होते.

बाईंच्या व्यवस्थेत आम्हांस चार गोष्टी दिसतात. पहिली, प्रत्येकीस सोबत. शारदासदनात आधी वाढलेल्या स्त्रिया नव्या आलेल्यांच्या सांभाळास लावल्या गेल्या, वडील मुलींकडे लहान मुली सोपविल्या गेल्या, म्हणून दोन हजारांच्या गर्दीतही माणूस हरवला नाही. दुसरी, प्रत्येकीस काम. शेती, विहिरींचे पाणी, गाईगुरे, तेलाचा घाणा, हातमाग, शिवण, स्वयंपाक, छापखाना अशी नाना कामे तेथे होती, व जिला जे झेपेल ते तिला देण्यात येई. काम म्हणजे शिक्षा नव्हे. आपले हात अजून कोणाच्या उपयोगी आहेत ही जाणीव खचलेल्या मनास उभे करते. तिसरी, प्रत्येकीच्या उणिवेप्रमाणे निराळी जागा. समाजाने ज्यांस पतित म्हणून टाकले त्यांसाठी कृपासदन, वृद्ध व अपंग स्त्रियांसाठी प्रीतिसदन, आणि अंध स्त्रियांसाठी शिक्षण. मनोरमाबाईंनी उठावाच्या ठिपक्यांची ब्रेल लिपी शिकून ती अंधांस शिकविली. चौथी गोष्ट मुदतीची. बरी झालीस, आता जा, असे कोणास म्हणत नसत. ज्या लग्न करून, शिक्षिका किंवा दाई होऊन बाहेर गेल्या त्या गेल्या. ज्यांस जाता येत नव्हते त्या तेथेच म्हाताऱ्या झाल्या.

बाईंचे सर्वच करणे सर्वांस मान्य होते असे नाही. धर्माच्या प्रश्नावरून १८९३ साली पुण्यात मोठा वाद झाला, आणि पुष्कळ पालकांनी आपल्या मुली शारदासदनातून काढून नेल्या. बाईंचा स्वभाव करारी होता. इंग्लंडातील आपल्या गुरुभगिनींशीही त्यांचा मतभेद झाला होता. परंतु हाती घेतलेले माणूस त्यांनी मत पटत नाही म्हणून टाकले नाही.

शेवटची वर्षे त्यांनी हिब्रू व ग्रीक भाषांवरून बायबलाचे भाषांतर करण्यात घालविली. कान जवळजवळ गेले होते. प्रकृती ढासळली होती. १९१९ साली सरकारने कैसर-इ-हिंद पदक दिले. दोन वर्षांनी, २४ जुलै १९२१ रोजी, जिच्यावर संस्थेचा पुढील भार सोपवावयाचा ती एकुलती एक कन्या मनोरमा चाळिसाव्या वर्षी वारली. बाई ह्या दुःखाखाली वाकल्या, पण थांबल्या नाहीत. भाषांतराचे काम हातावेगळे करून ५ एप्रिल १९२२ रोजी केडगाव येथे त्यांनी प्राण सोडला. मुक्तिसदनाचे काम त्यांच्यामागे शंभर वर्षे लोटली तरी बंद पडलेले नाही.

आता आजच्या काळाकडे वळू. सर दोराबजी टाटा ह्यांच्या नावाने १९३६ साली मुंबईस समाजसेवेचे शिक्षण देणारी शाळा निघाली. तिचे पहिले प्रमुख डॉ. क्लिफर्ड मॅन्शार्ट हे अमेरिकन मराठी मिशनचे मिशनरी होते, हे आमच्या मंडळ्यांपैकी थोड्यांस ठाऊक असेल. अशा शिक्षणातून पुढे मनोरुग्णांची पाठराखण करणारे कार्यकर्ते तयार झाले. परदेशांत त्यांस केस मॅनेजर म्हणतात. डॉक्टर रोग ओळखतो व औषध देतो. कार्यकर्ता त्या माणसाचे उरलेले सर्व आयुष्य पाहतो. औषध वेळेवर घेतले की नाही, पुढच्या तारखेस इस्पितळात कोण नेणार, शिधापत्रिकेवर नाव आहे की भावाने काढून टाकले, अपंगत्वाचा दाखला व निराधारांचे अनुदान मिळते की नाही, घरचे लोक थकून गेले आहेत काय, करण्याजोगे काही काम शेजारी कोणी देईल काय, अशा शंभर बारीक गोष्टी त्याच्या वहीत असतात. एका रोग्याचे बरे होणे ह्या बारीक गोष्टींवर पुष्कळ अवलंबून असते.

हे कार्यकर्ते आपल्या खेड्यांत फार थोडे आहेत. म्हणून सुवार्तिक, मास्तर, बायबलबाई, आशाताई व शेजारी ह्यांनाच त्यातील काही भाग उचलावा लागतो. तो उचलताना ज्या गोष्टी कळणे अवश्य आहे त्या आम्ही येथे सांगतो.

मनुष्यास नसलेले आवाज ऐकू येणे, कोणी आपल्या जिवावर उठले आहे असे खात्रीने वाटणे, आठवडेच्या आठवडे झोप न येणे, किंवा अंथरूण न सोडणे, ही रोगाची लक्षणे असू शकतात. ती करणी नव्हे, बाहेरची बाधा नव्हे, आणि विश्वासाची उणीवही नव्हे. देवऋषी, गंडेदोरे ह्यांत महिने गेले की रोग मुरतो. आमच्या मंडळ्यांतही काही ठिकाणी प्रार्थना झाली, आता गोळ्या कशाला, असे सांगण्यात येते. हे घातक आहे. प्रार्थना अवश्य करावी, आणि गोळ्या डॉक्टरांस विचारल्यावाचून कधीही बंद करू नयेत. बरे वाटू लागल्यावर औषध सोडल्याने रोग पुन्हा उलटतो, आणि तेव्हा घरची माणसे निराश होतात.

रोग्यास साखळीने बांधणे कायद्याने मना आहे. २००१ साली तामिळनाडूतील एरवाडी गावी एका आश्रयस्थानास पहाटे आग लागली, तेव्हा साखळ्यांनी जखडलेले पंचवीसहून अधिक रोगी पळता न आल्यामुळे जळून मेले. २०१७चा मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१८च्या मे महिन्यापासून अमलात आहे. त्याने साखळी बांधण्यास मनाई केली, आणि सरकारी खर्चाने उपचार मिळण्याचा हक्क दिला. बांधणारे बहुधा क्रूर नसतात. एकटी म्हातारी आई शेतावर जाताना मुलगा विहिरीत पडेल म्हणून बांधते. तिला दोष देऊन साखळी सुटत नाही. ती शेतावर असेल तेवढा वेळ त्याजजवळ कोणी बसेल तर सुटते.

उपचारासाठी येरवडा येथे सरकारी प्रादेशिक मनोरुग्णालय आहे, आणि जिल्हा रुग्णालयातही मानसिक आजारांवर उपचार होतात. १४४१६ ह्या टेली मानसच्या क्रमांकावर रात्रंदिवस मराठीत फुकट सल्ला मिळतो. कोणी मरणाच्या गोष्टी बोलू लागला तर ते थट्टेवारी न नेता त्यास एकटे सोडू नये, आणि त्याच दिवशी त्या क्रमांकावर किंवा डॉक्टरकडे जावे. रस्त्यावर भटकणाऱ्या मनोरुग्णांस घरी पोहोचविण्याचे काम कर्जतच्या श्रद्धा संस्थेने हजारो माणसांच्या बाबतीत केले आहे. तिचे संस्थापक डॉ. भरत वाटवानी ह्यांस त्यासाठी २०१८ साली मॅगसेसे पारितोषिक मिळाले. ज्यांस आपण नाव नसलेली समजत होतो त्यांस नाव होते, गाव होते, आणि पुष्कळांच्या घरी वाट पाहणारी माणसेही होती.

प्रत्येक मंडळीने एवढे तरी करावे अशी आमची सूचना आहे. आपल्या गावातील व वाडीवरील अशा माणसांची नावे एका वहीत लिहावी. प्रत्येक नावापुढे एका जबाबदार माणसाचे नाव लिहावे. मंडळीचे, असे लिहू नये, कारण जे सर्वांचे काम ते कोणाचेच नव्हे. स्त्रीरोग्याकडे स्त्रीनेच जावे. आठवड्यातून एकदा भेट, औषधाची विचारपूस, इस्पितळाच्या तारखेस सोबत, आणि घरच्या थकलेल्या माणसास घटकाभर विसावा, एवढे त्या एका माणसाने पाहावे. तो आजारी पडला तर दुसऱ्याचे नाव लिहावे, पण रकाना रिकामा ठेवू नये.

दोन हजार माणसांचे घर चालविणाऱ्या पंडिता रमाबाई एका हरवलेल्या मुलीसाठी सरकारशी भांडल्या. आमच्या लहान मंडळ्यांस तर गावातील अशी दोनचार नावेच सांभाळावयाची आहेत.